बॅटरी ग्रिप: ओरिजिनल कुठे हवीच, थर्ड पार्टी कुठे चालते

बॅटरी ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला जोडायची जादा मूठ; तिच्यात बॅटरी बसते आणि कॅमेरा उभा धरल्यावर हाताखाली येणारी बटणं असतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला ती लागते मुख्यतः उभ्या फ्रेमसाठी. बॅटरीचा नंबर त्यानंतर. हे सुरुवातीलाच सांगते, कारण दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "ताई, चार्ज पुरत नाही का?" आणि मग सगळं बोलणं दोन बॅटऱ्या आणि किती फोटो निघतील यावरच फिरत राहतं. सीपा या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या मानकाने मोजलं तर निकॉन डी७५० एका बॅटरीत १,२३० फोटो काढतो, कॅनन ८०डी ९६०. हळदीपासून वरातीपर्यंतचा दिवस खिशात जादा बॅटरी ठेवून निभतो. नुसत्या चार्जसाठी ग्रिप घेणार असाल तर त्याच पैशात कंपनीची एक बॅटरी जास्त घ्या आणि विषय संपवा.

उभी फ्रेम मात्र खिशातल्या बॅटरीने सुटत नाही. अंतरपाट धरलाय, मंगलाष्टका चालू आहेत, नवरीच्या मागे मामा उभा आहे, आणि तिचा शालू मुंडावळ्यांपासून पायाशी आलेल्या काठापर्यंत एका फ्रेममध्ये हवा आहे. कॅमेरा उभा धरावाच लागतो. ग्रिप नसेल तर उजवं कोपर वर उचलून, मनगट वळवून बटण दाबायचं. समोर ७०-२०० एफ/२.८ असेल तर लेन्सच दीड किलोच्या आसपास. असं तासभर केलं की हात थरथरायला लागतो, आणि सकाळी १/६० सेकंदाला स्वच्छ येणारा फोटो दुपारी १/१२५ लाही हललेला निघतो. ग्रिपवर उभं बटण असलं की कोपर बरगडीला टेकून राहतं, डावा हात लेन्सखाली निवांत असतो आणि खांदा संध्याकाळपर्यंत टिकतो.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत तर सगळंच उभं असतं. सासनकाठी उभी, तिला तोलणारे लोक खाली दाटलेले, वर आभाळ आणि मधे गुलालाचा लोट. आडव्या फ्रेममध्ये काठीचा शेंडा तरी तुटतो नाही तर काठी तोलणाऱ्या माणसांचे पाय. तिथे ग्रिप नसेल तर मी कॅमेरा घेऊन वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, जाणारच नाही.

आमचा स्टुडिओ कोल्हापूरला, राजारामपुरीत. मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून लग्नं करतो. मधल्या काळात यात्रा, उरूस, कुस्तीची मैदानं. माझ्याकडे डी७५०, त्याच्याकडे ८०डी. दोन्ही कॅमेऱ्यांवर कंपनीची ग्रिपही वापरून झाली आणि बाहेरचीही, म्हणजे दुसऱ्याच कंपनीने बनवलेली थर्ड पार्टी. निकॉनची एमबी-डी१६, कॅननची बीजी-ई१४, आणि दोन थर्ड पार्टी, ज्यांची नावं देत नाही. नाव न देण्याचं कारण एवढंच की या बाजारात एकाच साच्यातली ग्रिप वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. डबा पाहून काहीच ठरवता येत नाही. हातात घेऊन तपासावी लागते, आणि काय तपासायचं तेच इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी तुमचा कॅमेरा उलटा करा.

डी७५० च्या तळाला एक छोटं रबरी झाकण दिसेल. ते काढलं की खाली सोनेरी कॉन्टॅक्ट्स. ग्रिप तिथे जोडली जाते. कॅमेऱ्याची स्वतःची बॅटरी आत जशीच्या तशी राहते आणि ग्रिपमध्ये तशीच आणखी एक ईएन-ईएल१५ बॅटरी बसते. आधी ग्रिपमधली वापरायची की कॅमेऱ्यातली, हे मेनूमधून ठरवता येतं. डी६००, डी७०००, डी७१००, डी८००, डी५००, डी८५० हे सगळे याच पद्धतीचे. यात एक गैरसोय आहे: आतली बॅटरी बदलायची तर ग्रिप सोडवावी लागते. म्हणून मी ग्रिपमधलीच आधी संपू देते आणि आतली राखीव ठेवते.

८०डी च्या तळाला असे कॉन्टॅक्ट्स नाहीत. बॅटरीचं दार काढायचं, बॅटरी बाहेर काढायची आणि ग्रिपची उंच दांडी त्या रिकाम्या कप्प्यात घालायची. दोन्ही बॅटऱ्या आता ग्रिपमध्ये. कॅमेऱ्याला मिळणारी सगळी वीज त्या एका दांडीच्या टोकातून वर जाते. कॅननचे ६०डी, ७०डी, ७डी, ५डी मार्क ३ आणि पुढचे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, आर५, आर६ सुद्धा असेच. सोनीच्या ए७ मार्क ३ ची ग्रिपही बॅटरीच्या कप्प्यातूनच जाते. निकॉनमध्ये जुना डी९० या जातीचा.

माझं सगळं मत या एका फरकावर उभं आहे. पहिल्या जातीत ग्रिप हा जादा भाग आहे. ती बिघडली तर उभं बटण जाईल, जादा बॅटरी जाईल. कॅमेरा चालूच राहील. दुसऱ्या जातीत ग्रिप हा कॅमेऱ्याचा वीजमार्ग आहे. ती बिघडली की कॅमेरा बंद. तेव्हा पहिल्या जातीचा कॅमेरा असेल तर थर्ड पार्टी ग्रिप चालते, चांगली बघून घ्या. दुसऱ्या जातीचा असेल आणि तुम्ही लोकांकडून पैसे घेऊन काम करत असाल, तर ओरिजिनलच घ्या. नवी परवडत नसेल तर सेकंडहँड घ्या, पण ओरिजिनल.

हे आम्ही कागदावर ठरवलेलं नाही. माझ्या डी७५० वरच्या बाहेरच्या ग्रिपचं उभं बटण एका लग्नात, ऐन सप्तपदीच्या वेळी बंद पडलं. दाबावं तर काहीच होईना. मी कॅमेऱ्याचं वरचं बटण वापरून काम चालू ठेवलं; कोपर वर, मनगट वळवलेलं, पण एकही पाऊल सुटलं नाही. नवरीकडच्या मंडळींना काही झाल्याचं कळलंसुद्धा नाही. भावाच्या ८०डी वर वेगळं झालं. कॅमेरा उभा केला की पडदा काळा, आडवा केला की पुन्हा चालू. दर वेळी तळाचा स्क्रू आवळला की थोडा वेळ बरं, मग परत तेच. कारण नंतर घरी बघितलं तेव्हा कळलं: ग्रिपचं प्लास्टिक वजनाने किंचित वाकत होतं आणि दांडीच्या टोकाचे कॉन्टॅक्ट्स कप्प्यातल्या कॉन्टॅक्ट्सपासून केसभर सरकत होते. केसभरच, पण विजेला तेवढं पुरतं. कार्डावर फोटो लिहिला जात असताना वीज तुटली तर ती फाइल हाती लागेल याचा भरवसा नाही. शेवटी ग्रिप काढून, बॅटरी आत घालून, बॅगेतून मूळ दार शोधून बसवेपर्यंत कन्यादानाचा निम्मा विधी होऊन गेला. तेवढा वेळ माझ्याकडच्या फोटोंनी भरून काढला. एकटा माणूस असता तर?

बीजी-ई१४ मध्ये कॅमेऱ्यातून काढलेलं ते दार ठेवायला ग्रिपच्या दांडीवरच जागा आहे. निकॉनमध्येही ते रबरी झाकण ठेवायला ग्रिपमध्ये खोबण दिलेली असते. बघायला क्षुल्लक गोष्ट, पण लग्नाच्या हॉलमध्ये बॅग उलटीपालटी करताना तिची किंमत कळते. बाहेरच्या ग्रिपमध्ये ही जागा असते, नाही असं नाही. पण दार तिथे घट्ट बसतं का ते दुकानातच बसवून बघा.

आता बटणांकडे. थर्ड पार्टीवाले बटणं मोजून देतात. ओरिजिनलला जितकी तितकीच, त्याच जागी. एमबी-डी१६ वर उभं शटर बटण, त्याभोवती कुलूप, मागे उजेड आणि फोकस धरून ठेवणारं एई-एल/एएफ-एल बटण, मल्टी सिलेक्टर, पुढे-मागे दोन्ही डायल. बाहेरच्या ग्रिपवरही हे सगळं होतं. फरक बोटाला कळतो. चांगल्या शटर बटणाला अर्धी दाब आणि पूर्ण दाब यांच्यामध्ये स्पष्ट पायरी असते. अर्ध्यावर फोकस धरायचा, थांबायचं, अक्षता पडल्या की दाबायचं. बाहेरच्या ग्रिपवर ही पायरी इतकी जवळ होती की फोकस धरायला जावं तर फोटोच निघे. काही दिवसांनी उलट झालं, पूर्ण दाबूनही अर्धंच लागे. डायलचंही तसंच: लेन्सचं छिद्र एफ/२.८ वरून एफ/४ ला न्यायला तीन खटके हवेत, इथे कधी दोन खटके वाया जात, कधी एका खटक्यात दोन पायऱ्या पुढे. ज्याला मांडवातला उजेड आणि बाहेरचं ऊन यांत सारखं आत-बाहेर करावं लागतं त्याला डायलवर विश्वास असावाच लागतो.

फोकस मागच्या बटणाने करणाऱ्यांसाठी एक सूचना. बीजी-ई१४ वर एएफ-ऑन हे फोकसचं बटण स्वतंत्र आहे आणि ते कॅमेऱ्याच्या मागच्या बटणासारखंच अंगठ्याखाली येतं. थर्ड पार्टी ग्रिप घेताना कॅमेरा उभा धरून, डोळा व्ह्यूफाइंडरला लावून, न बघता अंगठा त्या बटणावर जातो का ते तपासा. काही ग्रिप्सवर ते बटण आहे, पण इतकं आत किंवा इतकं कडेला की लहान हाताच्या माणसाला पकड सोडूनच दाबावं लागतं. माझा हात लहान आहे. एमबी-डी१६ मला नीट बसते. बाहेरची जाड होती, करंगळीला आधारच नव्हता.

स्क्रूबद्दल लोक फार कमी विचार करतात. ग्रिप कोणाचीही असो, ती कॅमेऱ्याला एकाच पाव इंची स्क्रूने धरलेली असते, तोच जो ट्रायपॉडला लागतो. बाकी एखादी खुंटी नीट जागेवर बसवायला. म्हणजे सगळा ताण एका स्क्रूवर आणि त्याच्या भोवतीच्या धातू-प्लास्टिकवर. एमबी-डी१६ चं अंग मॅग्नेशियम मिश्रधातूचं आहे, डी८०० ची एमबी-डी१२ आणि ५डी मार्क ३ ची बीजी-ई११ सुद्धा तशाच. म्हणून आवळली की कॅमेरा आणि ग्रिप एकच वस्तू होते; हातात घेऊन पिळून बघा, कुरकुर येत नाही. बाहेरच्या ग्रिपचं कवच प्लास्टिकचं होतं. नवी असताना छान बसली. उन्हाळी लग्नसराईत गाडीत, उन्हात, मांडवात वागवल्यावर स्क्रू आवळायच्या चाकाची पकड ढिली पडत गेली आणि दर विधीनंतर अंगठ्याने आवळायची सवय लागली.

आणि इथे एक कळकळीची सूचना. खांद्यावरून तिरका लटकणारा स्लिंग पट्टा तळाच्या ट्रायपॉडच्या छिद्रात बसवतात. ग्रिप लावली असेल तर तो पट्टा ग्रिपच्या तळाला लागतो. म्हणजे कॅमेरा, लेन्स, फ्लॅश सगळं वजन उलटं होऊन त्या एका स्क्रूवर लटकतं आणि चालताना हिसके बसतात. थर्ड पार्टी प्लास्टिक ग्रिपवर हे कधीही करू नका. ओरिजिनलवरही मी करत नाही. पट्टा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या कड्यांना लावा, किंवा मोठी लेन्स असेल तर लेन्सच्या पायाला.

गुलालाचं सांगायचं राहिलं. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल हवेतच असतो. तो लेन्सच्या रिंगमध्ये जातो, बटणांच्या कडेत बसतो, बॅटरीच्या दाराच्या फटीत शिरतो. धूळ-पाण्यापासून बचावासाठी कॅमेऱ्याला जसं सील दिलेलं असतं तसं एमबी-डी१६ सारख्या ग्रिप्सनाही देतात, आणि जोडाच्या जागी तिची पकड घट्ट असते. यात्रेहून आल्यावर मी ग्रिप सोडवते तेव्हा तळाचे कॉन्टॅक्ट्स कोरडे आणि स्वच्छ असतात. बाहेरची ग्रिप काढली तेव्हा आत गुलाबी थर होता, थेट कॉन्टॅक्ट्सवर. तो ब्लोअरने उडवायचा. ओल्या कापडाने पुसू नका, गुलाल ओला झाला की चिकटतो. कोल्हापूरच्या खासबाग या कुस्तीच्या मैदानाच्या तांबड्या मातीचंही तसंच, फक्त ती जड असल्यामुळे कमी आत जाते.

थर्ड पार्टी ग्रिपचा आणखी एक दोष दुकानात कळत नाही, रात्री कळतो. कॅमेरा बंद आहे, तरी ग्रिपमधलं सर्किट थोडी थोडी वीज खात राहतं. रात्री भरलेल्या बॅटऱ्या घालून ठेवा, मेनूमधल्या बॅटरी इन्फोत टक्के बघा, सकाळी परत बघा. एक-दोन टक्क्यांचा फरक सोडून द्या. बराच उतरलेला असेल तर ग्रिप परत करा. म्हणून परत घेण्याची मुदत देणाऱ्या ठिकाणाहूनच घ्या आणि ही चाचणी पहिल्याच रात्री करा. चांगल्या ग्रिपमध्ये दोन्ही बॅटऱ्यांचे टक्के वेगवेगळे दिसतात. ते दिसतच नसतील, किंवा कॅमेरा बॅटरीशी संपर्क होत नसल्याचा संदेश दाखवत असेल, तर ग्रिपचं सर्किट कॅमेऱ्याशी नीट बोलत नाही असं समजा.

आता बाहेरच्या ग्रिपच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण तिचेही दिवस असतात.

पेन्सिल सेल. ओरिजिनलसोबतही पेन्सिल सेलची ट्रे येते आणि बहुतेक थर्ड पार्टीसोबतही. बीजी-ई१४ आणि एमबी-डी१६ मध्ये सहा सेल लागतात, एमबी-डी१२ मध्ये आठ. गगनबावड्याकडे लग्न आहे, लाइट गेलीय, चार्जर लावायला जागा नाही; अशा वेळी गावातल्या किराणा दुकानात जे मिळतं ते कॅमेऱ्यात घालता येणं ही फार मोठी सोय आहे. सेल मात्र अल्कलाइनच घ्या. घड्याळात घालतात ते स्वस्त झिंक-कार्बन सेल कॅमेऱ्याला लागणारा झटक्याचा करंट देऊ शकत नाहीत. कॅमेरा चालू होतो आणि दहा-वीस फोटोंत मान टाकतो. रिचार्जेबल निकेल सेल सगळ्यात चांगले. निकॉनमध्ये ते घातल्यावर मेनूत सेलचा प्रकार सांगावा लागतो, नाहीतर शिल्लक चार्ज चुकीचा दिसतो. या एका कामात स्वस्त आणि महाग ग्रिपमध्ये मला फरक जाणवला नाही.

वेगाचं आमिष. दुकानदार सांगतो की ग्रिप लावली की कॅमेरा जास्त वेगाने फोटो काढतो. हे काही कॅमेऱ्यांबाबत अगदी खरं आहे. डी७०० सेकंदाला ५ फोटो काढतो. एमबी-डी१० लावून त्यात ईएन-ईएल४ए बॅटरी किंवा आठ पेन्सिल सेल घातले की ८. वाढ होते ती व्होल्टेजमुळे: डी७०० ची स्वतःची बॅटरी ७.४ व्होल्टची, ईएन-ईएल४ए ११.१ व्होल्टची, आठ निकेल सेल म्हणजे ९.६ व्होल्ट. जास्त व्होल्टेज मिळालं की आरसा वर-खाली करणारी मोटर जलद फिरते. त्याच ग्रिपमध्ये कॅमेऱ्याचीच साधी बॅटरी घातली तर वेग वाढत नाही. डी८५० चं तेच: ७ वरून ९, पण त्यासाठी एमबी-डी१८ मध्ये मोठी ईएन-ईएल१८ मालिकेतली बॅटरी, तिच्यासाठी बीएल-५ हे वेगळं झाकण आणि वेगळा चार्जर, इतका सगळा संच घ्यावा लागतो. कुस्ती काढणाऱ्याला तो खर्च पटतो. पैलवानाने ढाक मारली की समोरचा हवेत असतो तो क्षण डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो, आणि ७ आणि ९ मधले ते दोन फोटो कधी कधी तोच क्षण पकडतात. डी७५० चा वेग ग्रिपने वाढत नाही, ६.५ तो ६.५ च. ८०डी चा ७ तो ७ च. या कॅमेऱ्यांना कोणी वेगाच्या नावावर ग्रिप विकत असेल तर ऐकू नका.

जिथे ओरिजिनल ग्रिप बनतच नाही तिथे तुलनेचा प्रश्नच नाही. निकॉनने डी३००० आणि डी५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांना स्वतःची ग्रिप कधीच दिली नाही. डी७५०० च्या तळालाही ग्रिपचे कॉन्टॅक्ट्स नाहीत. मेइके, न्यूअर, पिक्सेल यांसारख्या कंपन्यांनी अशा कॅमेऱ्यांसाठी ग्रिप्स केल्या. कॅमेऱ्याच्या तळाला काही जोड नाही म्हणून ग्रिपमधून छोटी तार काढून कॅमेऱ्याच्या बाजूच्या रिमोटच्या छिद्रात लावायची, की उभं बटण चालतं. तार बाहेर लोंबते, डायल चालत नाहीत, पण कोपर खाली राहतं. नुकतंच काम शिकणाऱ्या, डी५६०० घेऊन मित्रमंडळींच्या बारशा-मुंजी करणाऱ्या पोरांना मी ही ग्रिप निःशंक घ्यायला सांगते. तिथे तीन-चार हजारांत मिळणारी सोय खरीच सोय आहे.

ग्रिपवर पैसे वाचवलेत तरी बॅटरीवर वाचवू नका. बाहेरच्या ग्रिपच्या डब्यात बऱ्याचदा दोन बिननावी बॅटऱ्या फुकट येतात. त्या वापरू नका. ग्रिप बिघडली तर फोटो जातो. लिथियमची बॅटरी बिघडली तर फुगते, ट्रेमध्ये अडकते, गरम होते. ८०डी च्या एलपी-ई६एन बॅटरीची क्षमता १,८६५ एमएएच आहे. त्याच आकाराच्या डब्यावर अडीच-तीन हजार एमएएच छापलेलं दिसलं तर छापणाऱ्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही. चूक मोठ्या कंपन्यांकडूनही होते: २०१२ मध्ये निकॉनने ईएन-ईएल१५ च्या काही लॉटमधल्या बॅटऱ्या गरम होण्याच्या शक्यतेमुळे परत बोलावल्या होत्या. पण परत बोलावायला कोणीतरी आहे, लॉटचा क्रमांक आहे, बदलून मिळण्याची जागा आहे. बिननावी बॅटरीच्या बाबतीत यातलं काहीच नसतं. ग्रिपमध्ये दोन्ही बॅटऱ्या एकाच वयाच्या घाला आणि त्यांना मार्करने जोडीचा क्रमांक द्या. एक नवी आणि एक थकलेली अशी जोडी लावली की दोन्हींचा अंदाज चुकतो.

मिररलेसकडे जाणाऱ्यांसाठी हिशोब बदलतो. एका बॅटरीत डी७५० चे १,२३० फोटो आणि निकॉनच्याच मिररलेस झेड६ चे ३१० हे आकडे शेजारी ठेवा. इथे ग्रिप बॅटरीसाठीही लागते. पण झेड६ साठी निकॉनने काढलेली एमबी-एन१० ही नुसती बॅटरी पॅक आहे, तिच्यावर उभं बटणच नाही. ज्यांना उभी फ्रेम हवी त्यांना ती पाहून वाईट वाटलं, मलाही. झेड६ मार्क २ बरोबर एमबी-एन११ आली तेव्हा बटणं, डायल सगळं परत आलं. फुजीच्या एक्स-टी२ ची ग्रिप तर तिसऱ्याच वाटेने गेली: कॅमेऱ्यातली धरून तीन बॅटऱ्या, आणि बूस्ट मोडमध्ये वेग ८ वरून ११. भावाला आता आर६ मार्क २ घ्यायचा आहे. त्याची ग्रिप बीजी-आर१०, वीज पुन्हा बॅटरीच्या कप्प्यातूनच. त्याला मी कॅमेऱ्याच्या बजेटमध्येच ग्रिप धरायला सांगितलंय. मागाहून घेऊ म्हटलं की स्वस्ताकडे मन वळतं.

किमतीचं बोलायचं तर डी७५० किंवा ८०डी यांच्या ओरिजिनल ग्रिप्स नव्या होत्या तेव्हा पाच आकड्यांत होत्या आणि आता कॅमेरेच जुने झाल्यामुळे नव्या सहज मिळतही नाहीत. माझी एमबी-डी१६ मी मुंबईला फोर्टात, बोरा बझारातून सेकंडहँड घेतली. नव्या थर्ड पार्टीच्या जवळपास दुप्पट पैसे गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ताई, ही नवी घ्या की, सेम टू सेम आहे, फक्त नाव नाही." मी दोन्ही कॅमेऱ्याला लावून पिळून बघितल्या आणि जुनी उचलली.

सेकंडहँड घेताना स्वतःचा कॅमेरा, स्वतःची भरलेली बॅटरी आणि सगळ्यात जड लेन्स बरोबर न्या. आधी कॉन्टॅक्ट्स बघा. हिरवट डाग म्हणजे आत कधीतरी सेल गळलेत, ती ग्रिप ठेवून द्या. स्क्रू पूर्ण आत जातो का, शेवटच्या फेऱ्यात घसरतो का ते बघा. ग्रिप लावून, लेन्स लावून, कॅमेरा उभा धरून हलवा आणि त्याच वेळी उभ्या बटणाने सलग फोटो काढा. पडदा एकदाही काळा होता कामा नये. दोन्ही डायल पूर्ण फेरा फिरवून एकेक खटका आकड्यात दिसतो का ते बघा. बटणाभोवतीचं कुलूप लावलं की बटण खरंच बंद होतं का तेही, कारण कॅमेरा पोटाशी लटकत असताना तेच आपोआप फोटो निघणं थांबवतं. नकली ओरिजिनलही बाजारात आहेत, तेव्हा कंपनीच्या नावाची अक्षरं तुमच्या कॅमेऱ्यावरच्या अक्षरांशी ताडून बघा आणि वजन हाताने तोला. आणि पैसे देण्याआधी पेन्सिल सेलची ट्रे मागून घ्या. विकणारे ती बहुतेकदा घरीच विसरलेली असतात, आणि नंतर ती सुटी शोधत फिरणं फार अवघड जातं.